धुवून दिलेल्या साड्या

अस्वल मी पहिल्यांदा पाहिलं ते कापूस वेचताना. सकाळची वेळ होती, कपाशी दवानं ओली होती, आणि मी वावराच्या त्या टोकाला एकटीच होते जिथे धुरा, म्हणजे शेताचा बांध, संपतो आणि नाला लागतो. नाल्याच्या पलीकडे लगेच अभयारण्याचं सागवान. आधी वाटलं, कोणाची तरी म्हैस वाट चुकून आली. मग ती म्हैस बोरीखालच्या वारुळाशी बसली, पुढच्या पंजांनी माती उकरली आणि तोंड आत घालून असा आवाज काढायला लागली, जसा आमच्याकडे म्हातारे बशीतला चहा फुरकताना काढतात. मागून पिल्लू आलं. पिल्लू कसलं, चांगलं बोकडाएवढं झालेलं, तरी आईच्या पाठीवर चढायला बघत होतं आणि दर वेळी घसरून पडत होतं.

शहाणी बाई असती तर ओरडत घरी पळाली असती. मी कपाशीत खाली बसले आणि पाहत राहिले. ही खोड मला कॉलेजात लागली. माझं माहेर यवतमाळचं, वडील शाळेत शिपाई. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एक मॅडम होत्या. मी बी.ए.ची, त्यांचा माझा तसा काही संबंध नव्हता. पण त्या रविवारी पोरापोरींना एस.टी.नं रानात नेत, आणि घराबाहेर पडायला मिळतं म्हणून मी एकदा गेले ती जातच राहिले. एक दुर्बीण आणि तिच्यासाठी आमची रांग. मॅडमनीच शिकवलं होतं की अस्वल दिसलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, वारा कुठून वाहतो ते बघायचं आणि हळूच मागे सरायचं. मी मागे सरले नाही, एवढंच.

मग लग्न झालं, पांढरकवड्याकडच्या या गावात. नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. पंधरा दिवसांनी यायचा, आणि दोनदा अंघोळ केली तरी त्याच्या कानात काळं राहायचंच. वावर सांभाळायला सासरे, सासू आणि मी. सासऱ्यांना मामाजी म्हणायचं, सासूला आत्याबाई. मामाजी साठीच्या पुढचे, उंच, कमी बोलणारे. मी त्यांच्या बरोबर उलटी. माझी जीभ लांब आणि डोकं गरम, हे लग्न जुळवतानाच माझ्या आईनं सांगून टाकलं होतं, नंतर तक्रार नको म्हणून.

अस्वलाचं मी घरात कोणाला सांगितलं नाही. आमच्या गावात वाघाचं नाव लोक थोडं कौतुकानंही घेत, पण अस्वलाचं नाव निघालं की बायका पदर तोंडाला लावत. अस्वलानं अर्धा चेहरा फाडलेला एक म्हातारा गावात होता. त्याला पाहिल्यावर अस्वल किती लाजरं जनावर आहे वगैरे मॅडमचं बोलणं मी कोणाला ऐकवणार होते? मी बोलले असते तर चार पोरं काठ्या आणि पलिते घेऊन नाल्यात उतरली असती. आणि आमच्या स्वतःच्या घरात तर तार होती.

तारेचं सांगते. त्या वर्षांत कापसाची नुसती फजिती चालली होती. यवतमाळ म्हटलं की बाहेरचे लोक आवाज खाली करून बोलायचे. गाड्या यायच्या, कोणाच्या घरी कोणी जीव दिला ते विचारायच्या, फोटो काढून निघून जायच्या. आमच्या घरी कोणी मेलं नव्हतं म्हणून आमच्याकडे कोणी फिरकायचं नाही. पण अळीनं खाऊन जे काही उरलं होतं ते रोही आणि डुकरं खात होती. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. ती शेंडे आणि बोंडं खुडून खायची. डुकरांचं तर विचारूच नका. कळप एकदा शिरला की तूर आडवी, कपाशी आडवी, आणि मधोमध लोळण घेतलेला खड्डा. मामाजी रात्ररात्र मचानावर जागल करायचे, रिकामा डबा बडवायचे, आणि सकाळी पुन्हा आमच्याबरोबर कामाला.

शेजारच्या वावरवाल्यानं तार लावली. धुऱ्यावरून साधी तार ओढायची आणि संध्याकाळी मोटारीच्या लाइनीवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडायचा. डुक्कर पडलं, मग चितळाची मादी पडली, तिला त्यानं गुपचूप नाल्यात पुरलं. मामाजींनीही पांढरकवड्याहून तारेचं वेटोळं आणलं आणि घरात आड्याला टांगलं. आमचं वावर अगदी नाल्याला लागून, आणि अस्वलाची पायवाट आमच्या धुऱ्यावरून. तार लागली की त्या मायलेकरांचं काय होणार हे मला उठता-बसता दिसायला लागलं. भाकर थापताना हात थांबायचा.

मी मामाजींना म्हटलं, हा गुन्हा आहे, माणूससुद्धा मरतो. ते म्हणाले, माहीत आहे. मग कशाला लावता, म्हटलं. त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं.

"मंग डुकराले तू समजावून सांग."

मी म्हटलं, थोडे दिवस द्या, मी दुसरं कुंपण आणते. त्यांनी फार ताणलं नाही, बरं म्हणाले. मला वाटलं, मी जिंकले.

फाट्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून मी मॅडमना फोन लावला. यवतमाळात त्यांनी आता मोठ्या माणसांचं मंडळ काढलं होतं, पक्षी-प्राणी पाहणाऱ्यांचं, आणि रानाकाठच्या गावांसाठी ते जुन्या साड्या गोळा करून राहिले होते. वावराभोवती रंगीत साड्या बांधल्या की डुकरं बिचकतात, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. पण त्यासाठी घरात जुन्या साड्या पाहिजेत. आत्याबाईंना नेसायला दोन लुगडी, आधीची सगळी फाटून गोधड्यांत गेलेली. माझ्या लग्नातल्या साड्या तर अजून नव्या. मॅडम फोनवर इतक्या खूश झाल्या की मला रडू आलं. माझी विद्यार्थिनी म्हणाल्या, बघ, कुठे जाऊन काम करते आहे.

जीप भरून साड्या आल्या. नाल्याकाठच्या चार-पाच वावरांना वाटल्या, आमच्या वाट्याला दोन गाठोडी. उघडली तर काय, सगळ्या स्वच्छ धुतलेल्या, कांजी केलेल्या, इस्त्रीच्या घड्या, मध्ये डांबरगोळ्या. शहरातल्या बायकांनी मन लावून दिल्या होत्या. दुसऱ्याला द्यायचं ते स्वच्छ द्यावं, असंच ना आपण म्हणतो. आमच्या ओट्यावर त्या पसरल्या तेव्हा लग्नाचा बस्ता उघडल्यासारखं दिसत होतं. मामाजी दारात उभे राहून पाहत होते.

"कुंपणाले चालते," ते म्हणाले. "अंगाले नाही."

हे त्यांनी का म्हटलं ते मला माहीत होतं. आमच्या माहेरीही तेच होतं, फक्त शहरात ते कोणी बोलून दाखवत नसे. धम्मदीक्षेच्या आधी आमच्या लोकांना गावाकडून मिळायचं ते उतरलेलं. उतरलेलं धोतर, उतरलेलं लुगडं, मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापडसुद्धा. दीक्षा घेऊन आल्यावर मामाजींच्या वडलांनी घरात सांगून टाकलं की आता दुसऱ्याच्या अंगावरचा धागा या घरातल्या कोणाच्या अंगाला लागणार नाही. मामाजी तेव्हा लहान होते. त्यांना एकच सदरा होता, तो संध्याकाळी धुवायचा आणि वाळेपर्यंत उघडं बसायचं. शाळेत पोरं हसायची. पण हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज असा काही चढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या बापानं याला हत्ती घेऊन दिला होता.

साड्या बांधल्या. वावर यात्रेसारखं दिसायला लागलं. मी स्वतःवर फार खूश. आणि चार दिवसांत डुकरं आली. साडी वर उचलून खालून गेली असतील तर गेली, नाहीतर सरळ फाडून गेली. तुरीच्या दोन ओळी सपाट. आत्याबाईंनी एका साडीचा पदर नाकाशी धरला आणि तोंड वाकडं केलं. साबण आणि डांबरगोळी, म्हणाल्या, याले माणूस कोण म्हणंन? साडीला माणसाच्या अंगाचा वास लागतो, तो असला तर डुक्कर बिचकते. बाकीच्या घरच्या बायकांना हे आधीच समजलं होतं. त्या हसत-खिदळत साड्या नेसून वावरात जात होत्या, दोन-तीन दिवस घामानं भिजवायच्या आणि मग धुऱ्यावर बांधायच्या. अंगावरच्या साडीवरून एकमेकींना डॉक्टरीण, मास्तरीण अशा हाका मारायच्या. मजाच चालली होती त्यांची.

आमच्या घरात ती मजा नव्हती. मामाजी वावर पाहून आले आणि आड्याकडे पाहत म्हणाले, आठ दिवस पाहतो, मंग तार. मी काही बोलले नाही, आणि मी काही बोलले नाही म्हणजे माझ्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे आत्याबाईंना कळलं असणार.

मी नेसले. घरून माझ्या साडीत निघायचं, वावरातल्या खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, शिरायचं, कुंपणावरची एक साडी सोडून आणलेली असायची ती गुंडाळायची आणि उन्हात वेचायला लागायचं. मामाजी त्या वेळी जागलीची झोप काढायला घरी असत. संध्याकाळी ती उतरवून पुन्हा धुऱ्यावर बांधायची. खरं सांगते, पहिल्या दिवशी ती दोनदा गुंडाळली आणि दोनदा सोडली. साडी चांगली होती हो, माझ्या लग्नातल्यापेक्षा चांगली. पण कोणाच्या तरी पोटाच्या घडीवर तिची चुणी पडलेली होती आणि ती चुणी माझ्या पोटावर बसत नव्हती. एका साडीला हळदीचा जुना डाग होता, दुसरीच्या पदराला सेफ्टीपिनची भोकं. मला आतून कोणीतरी सारखं म्हणत होतं, तुझ्या आजेसासऱ्यानं काय सांगितलं आणि तू काय करून राहिली. त्याच वेळी नाल्याकडे बघायची आणि म्हणायची, फक्त आठ दिवस.

आणि एक होती जांभळी, पिवळ्या किनारीची सुती. ती मला आवडली. ती नेसून मी खोपडीतल्या पाण्याच्या गुंडात माझं तोंड पाहिलं. त्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटली, कारण अस्वलाच्या नावावर खपवता येईल असं त्यात काहीच नव्हतं.

त्या रविवारी जीप आली. मला कोणी कळवलं नव्हतं, कळवणार कुठे? मॅडम, मंडळातली दोन-तीन माणसं आणि यवतमाळच्या एका डॉक्टरांची बायको. गावात बाकीचे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत होते, मीही म्हणते. कुंपण बघायचं आणि पुढे अभयारण्यात जायचं, असा त्यांचा बेत. मी जांभळी नेसून वावराच्या मधोमध होते. खोपडी लांब होती. मी काय करावं? कपाशीत खाली बसले. वाटलं, धुऱ्यावरून बघतील, फोटो काढतील आणि जातील.

पण गळ्यात दुर्बिणी घेऊन आलेली माणसं ती. कपाशीत काही हललं की डोळ्याला दुर्बीण लागणारच. मी पानांच्या फटीतून पाहत होते आणि डॉक्टरीणबाईंची दुर्बीण बरोबर माझ्यावर येऊन थांबली. मी कधी भेकराकडे, कधी मोराकडे असं दुर्बिणीतून किती वेळ पाहिलं असेल. आपल्यावर ती रोखली की कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, अय्या, ती तर माझी साडी आहे. वारा माझ्याकडे येत होता, शब्दन्‌शब्द ऐकू आला.

उठून उभं राहावंच लागलं. मॅडमनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा फुलला. डॉक्टरीणबाई कपाशीतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या, माझा हात धरला.

"अगं, लाजतेस काय एवढी? किती खुलून दिसते आहे तुला. ही नको बांधू कुंपणाला, तूच ठेव. घरी आणखी आहेत, मी पाठवते."

त्यांच्या बोलण्यात एक अक्षर वाकडं नव्हतं. वाकडं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. त्या चांगलं बोलत होत्या आणि माझ्या कानातून वाफा निघत होत्या. मी म्हटलं, मी हौसेनं नेसले नाही. म्हटलं, तुम्ही धुवून दिल्या, डुकरं धुतलेल्या साडीला भीत नाहीत, त्यांना माणसाच्या अंगाचा वास लागतो, म्हणून मी घाम लावून राहिले. सगळं एका दमात बोलले. डॉक्टरीणबाई आधी गोंधळल्या आणि मग हसल्या. आम्हीच न धुता दिल्या असत्या की, म्हणाल्या, पण न धुता कसं द्यायचं गं कोणाला? मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या खाली मातीकडे पाहत होत्या.

त्यांच्यातल्या एका गृहस्थाला हे फार रंजक वाटलं. कॅमेरा सावरत ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या वासानं पळतात तर."

त्यांना माणसाच्या म्हणायचं होतं. मला ते तेव्हाही कळलं, आजही कळतं. पण माझ्या मागे मामाजी उभे होते. पाहुणे आलेले पाहून कोणीतरी त्यांना उठवलं असणार, ते पाण्याची बादली आणि गिलास घेऊन आले होते. ते वाक्य त्यांनी ऐकलं, आणि माझ्या अंगावरचं जांभळंही पाहिलं.

त्यांनी मॅडमना जयभीम केला. मग सगळ्यांना पाणी दिलं, एकेकाला, गिलास विसळून. सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत थांबले. मग माझ्याकडे वळले.

"सूनबाई, आपलं लुगडं नेसून ये."

मी खोपडीकडे गेले. माझी साडी नेसून परत आले तर मामाजी धुऱ्यावरच्या साड्यांच्या गाठी सोडत होते आणि मॅडम त्यांना गाठी सोडू लागत होत्या. मंडळातली माणसं काही न समजून उभी. मामाजींनी डॉक्टरीणबाईंपुढे हात जोडले. तुमचं मन चांगलं आहे, म्हणाले, पण आमच्या घरी हे चालत नाही, वापस नेजा. कारण काही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. बिचारीचा अपमान झाला होता आणि कशामुळे ते तिला कळत नव्हतं. मी जांभळीची घडी करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि जीपमध्ये बाकीच्या साड्यांवर न ठेवता वेगळी, पायाशी ठेवली. घामानं ओली होती, दुसरं काय करणार? पण ते मी पाहिलं आणि मामाजींनीही पाहिलं.

मॅडम जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या. मी ऐकलं नाही. मला त्यांच्यासमोर मामाजींची लाज वाटत होती, हा म्हातारा कसला हेकट म्हणून. मामाजींसमोर माझी स्वतःची लाज वाटत होती. आणि आता तार लागणार, हे समोर दिसत होतं.

घरी मामाजी जेवले आणि मचानावर गेले. मी आत्याबाईंच्या पायाशी बसले. त्या म्हणाल्या, मले माहीत होतं वं, रोज संध्याकाळी तुह्या अंगाले डांबरगोळीचा वास येत होता. मग बोलल्या का नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, तू अस्वलासारखी तोंड खाली घालून ये-जा करत होती, कोण बोलणार? मी दचकले. पण त्या चुलीकडे वळल्या होत्या. बोलण्यात आपले शब्द येतात तसा आला असेल, असं मी स्वतःला समजावलं.

सकाळी उठले तर आड्याला वेटोळं नव्हतं. मी चूल तशीच टाकून वावराकडे धावले. मामाजी नाल्याकाठच्या धुऱ्यावर खुंट्या ठोकून तार ओढत होते. मी लांबूनच म्हटलं, मामाजी, करंट नका सोडू. ते खुंटी ठोकत राहिले.

"कायचा करंट? लाइन तं दिवसभर नसते."

मागून आत्याबाई आल्या, डोक्यावर मोठं गाठोडं. त्यांनी ते धुऱ्यावर टाकलं आणि मला ओळखू आलं ते काय आहे. पहाटे उठून त्यांनी स्वतःची आणि मामाजींची गोधडी उसवली होती. दोन्ही. आमच्या गोधडीत पोटात जुन्या लुगड्यांचे थर असतात, वर्षानुवर्षं अंगावर वापरलेली आणि मग वर्षानुवर्षं अंगाखाली-अंगावर घेतलेली. त्यांनी एकेक तुकडा मोकळा केला होता. हे माह्या सासूचं, म्हणाल्या, हे तुह्या नवऱ्याच्या वेळचं, हे कोणाचं कोण जाणे. मामाजी एकेक घेऊन तारेला गाठ मारत होते. मीही बांधायला लागले.

डुकरं यायची थांबली म्हणणार नाही. कमी झाली. पुढे तीही हुशार झाली असतील. पण त्या हंगामात तूर हाताला लागली आणि कापसाची वेचणी पुरी झाली, एवढं खरं.

मग थंडी पडली. आमच्याकडे डिसेंबरात रानाकाठी हाडं कुडकुडतात. घरात पांघरायला उरली ती बारदानाची पोती आणि एक माझी गोधडी, माझ्या आईनं लग्नात दिलेली. आत्याबाई तीही उसवायला निघाल्या होत्या, पण मामाजींनी त्यांना थांबवलं होतं. तिच्या मायनं देल्ली हाये, तिले हात लावू नको, असं म्हणाले होते, हे मला आत्याबाईंनीच सांगितलं. म्हणजे सगळ्या घरात उबेत झोपणारी मी एकटी. भिंतीपलीकडे दोघं पोती पांघरून खोकायचे. मी गोधडी नेऊन त्यांच्या अंगावर टाकली, आत्याबाईंनी ती परत माझ्या दारात आणून ठेवली. मी ब्लेड घेऊन तिची शिवण उसवायला बसले, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. मी म्हटलं, मला झोप येत नाही. त्या म्हणाल्या, नको येऊ दे, पण पांघर. नवरा वणीहून ब्लँकेट घेऊन आला तोवर अर्धी थंडी सरली होती आणि मामाजींचा खोकला छातीत उतरला होता. तो पुढे कधी पुरता गेला नाही.

त्याच दिवसांत एका सकाळी मी वेचायला लवकर गेले. मामाजी नाल्याकडच्या धुऱ्यावर बसले होते, हातात ना डबा ना काठी. मी जवळ जायला लागले तशी त्यांनी मान न वळवता हात खाली केला, बस म्हणून. मी बसले. बोरीखाली अस्वल होतं. बोरं पिकली होती, ती वेचून खात होतं. पिल्लू आमच्या तारेपर्यंत आलं, लोंबणाऱ्या लुगड्याच्या तुकड्याला नाक लावलं आणि शिंकलं. आईनं मान वर करून हुंगलं, घशातून हुंकार दिला, आणि दोघं वळून नाल्यानाल्यानं सागवानात गेली. मामाजी हसत होते. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

ते म्हणाले, दसऱ्यापासून मचानावरून रोज पाहतो हिले, पाठीवर चढाले लई मस्ती करते लेकरू. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आड्याला इतके दिवस तार टांगून ठेवली, पण लावली का नव्हती, म्हातारपणी रात्ररात्र डबा का बडवत होते, मी थोडे दिवस द्या म्हटल्यावर लगेच बरं का म्हणाले, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"तुले ठाऊक होती?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

तुम्ही तिला मारून टाकाल असं वाटलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. एवढी जीभ माझी, पण ती हलली नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मी न बोलताच त्यांना ते कळलं. त्यांचं हसू गेलं. ते उठले आणि खोकत खोकत घराकडे निघाले.